पत्र्यातली वावटळ

अब्बांच्या भुवया काळ्या आहेत हे रुबीला सव्विसाव्या वर्षी कळलं. कंपनीची बस तिला यवतला हायवेवर सोडून गेली. नेहमीच्या बोळातून ती घराकडे आली, तर दारातल्या बाजेवर एक माणूस बसलेला. अंगात स्वच्छ बनियन, केस पाण्याने चापून बसवलेले, दोन्ही हात मांडीवर. कुणी पाहुणा आलाय असं वाटून तिने डोक्यावरची ओढणी सारखी केली. मग त्या माणसाने मान वर केली आणि ते अब्बा निघाले. तिच्या आठवणीत अब्बांच्या भुवया कायम पिवळट पांढऱ्या होत्या. पापण्यांवर, कानाच्या पाळ्यांवर, मनगटावरच्या केसांवर, सगळीकडे सागवानाचं बारीक पीठ बसलेलं असायचं. आज ते कुठंच नव्हतं. काळ्याभोर भुवयांखालचे डोळे फार उघडे वाटत होते, चष्मा काढून ठेवलेल्या माणसाचे वाटतात तसे. "आलीस?" ते म्हणाले. ती हो म्हणून आत गेली. पण ओट्यापाशी उभी राहून पाणी पिताना तिच्या मनात आलं. वडील म्हणून आपण ज्याला ओळखत होतो तो माणूस निम्मा भुशाचाच होता, आणि भुसा झटकल्यावर उरला तो हा असा. कशाची तरी वाट बघत बसलेला, आणि कशाची ते त्यालाही ठाऊक नसलेला.

अब्बांचं, म्हणजे मेहमूद मिस्त्रींचं, लाकूड कापायचं मशीन बंद होऊन तीन आठवडे झाले होते, आणि रोजच्या आंघोळीत थोडा थोडा निघत भुसा आज पुरता गेला होता. यवतपासून राहूपर्यंत कितीतरी घरांची दारं त्यांनी घराला लागून असलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये केली होती. मग एका दुपारी श्वास छातीतच अडकला. शिरूरहून सुट्टीवर आलेल्या सोहेबने, रुबीच्या धाकट्या भावाने, त्यांना रिक्षात घालून दौंडला नेलं. छातीच्या डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला आणि म्हणाले, "मिस्त्री, लाकूड तुमच्या छातीत जाऊन बसलंय. आता त्या धुळीत पाऊल टाकायचं नाही." त्या दिवसापासून घरातला आवाज गेला. लहानपणी रुबी त्या आवाजावर झोपायची. साग कापताना मशीन एकसुरी गुणगुणायचं, बाभळीला गाठ आली की खेकसायचं. दहावं लागलं तेव्हा अम्मीने, सरदारबीने, तिला बजावलं की आता शेडमध्ये जायचं नाही, गिऱ्हाईकं येतात. तेव्हापासून शेड तिच्यापुरती भिंतीपलीकडचा आवाज होऊन राहिली. अम्मी भांडी पुसायची, चादरी झटकायची, पुन्हा पुसायची. वहीची पानं उलटताना बोटांना खरखर लागायची. शाळेत पोरी तिला भुसाराणी म्हणायच्या, आणि ती घरी येऊन अब्बांवर चिडायचीसुद्धा. पण इंदापूरच्या सासरी चौदा महिने काढून, एक बॅग घेऊन ती परत आली, तेव्हा अब्बांनी एवढंच विचारलं होतं, "जेवलीस का?" आणि उठून शेडमध्ये गेले होते. मशीन सुरू झालं. ती मधल्या खोलीत भिंतीला टेकून ऐकत राहिली. आवाज येत होता, पण त्यात लाकूड नव्हतं. रिकामं पातं नुसतंच फिरत होतं, बराच वेळ. सासरी काय झालं ते त्यानंतर तिला कुणी विचारलं नाही, आणि तिनेही सांगितलं नाही.

त्या रविवारी सोहेब आला. त्याने येताना केळी आणली होती, अब्बांची औषधं आणली होती. तो रांजणगावच्या कंपनीत होता, शिरूरला बायकोबरोबर, अफरीनबरोबर, राहत होता. चहा पिता पिता म्हणाला, "अब्बा, मशीन काढून टाकू. शिरूरला एक फर्निचरवाला हाय, त्याला पाहिजेच हाय. पुढच्या नाहीतर त्याच्या पुढच्या रविवारी घेऊन येतो त्याला." रुबीला वाटलं आता अब्बा उसळतील. त्या मशीनला त्यांनी कधी कुणाला हात लावू दिला नव्हता. अब्बा बाजेची सुंभाची दोरी बोटाने खरवडत होते. "बघ तुला काय वाटतं ते," ते म्हणाले. रुबी दचकली. असं वाक्य तिने स्वतः इंदापुरात चौदा महिने म्हटलं होतं. तुम्हाला काय वाटतं ते बघा. माणूस हे वाक्य म्हणायला लागला की तो घरात असून नसतो, हे तिला आतून माहीत होतं.

कुरकुंभच्या ज्या कंपनीत ती पॅकिंगला होती तिथे दिवसभर पांढरी पावडर पोत्यांत पडायची. पावडर कुठून पडते हे तिने चार वर्षांत कधी मान वर करून पाहिलं नव्हतं. सोमवारी पाहिलं. वर छताला लागून पत्र्याचं एक भलंमोठं नरसाळं होतं, वरून गोल, खाली निमुळतं होत गेलेलं. बाजूने एक पाइप आत शिरत होता, डोक्यातून एक बाहेर पडत होता. मशीनवरच्या ऑपरेटर भैयाला तिने विचारलं, तेव्हा त्याने हवेत बोट गरगर फिरवून दाखवलं. "हवा अंदर गोल घूमती है. जो भारी है वो दीवार से लगके नीचे गिरता है. हलकी हवा बीच में से ऊपर निकल जाती है. बस." बस, एवढंच? रुबी पोती शिवत राहिली, पण तिचं डोकं वरच अडकलं होतं. चैत्रात राहूच्या रस्त्याला उठणाऱ्या वावटळी तिला आठवल्या. पाचट, कागद, धूळ, सगळं घेऊन गरगरत जायच्या आणि दमल्या की बांधाला टाकून द्यायच्या. तशी एक वावटळ पत्र्यात कोंडली तर? जेवणाच्या सुट्टीत तिने पॅकिंगच्या चिठ्ठीमागे त्या नरसाळ्याचं चित्र काढलं. वरचं तोंड केवढं, निमुळता भाग केवढा, मधली नळी आत किती खोल. भैयाने दोनदा दुरुस्त केलं. "नली थोडी और नीचे, बहनजी. नहीं तो सीधा भाग जाएगा." संध्याकाळी बसमध्ये ती चिठ्ठी पर्समध्ये होती, आणि ती उगाचच पर्स उघडून ती आहे का बघत होती. हे आपण अब्बांसाठी करतोय का? तसं वाटत होतं खरं. पण शेड रिकामी झाल्यावर त्या घरात आपण कुठे असू, ही भीतीही त्यात होती. त्यातलं अब्बांसाठी किती आणि स्वतःसाठी किती हे तिला निवडता येईना, आणि मग तिने निवडायचा नाद सोडला.

कासुर्डीत सावळाराममामा पत्र्याचं काम करायचे. त्यांनी चित्र हातभर लांब धरून पाहिलं. "एवढं मोठं नरसाळं? विहिरीत घासलेट ओततीस का काय पोरी?"

"भुसा धरायचा हाय, मामा. अब्बांच्या शेडमधला."

मामांनी कानावरची पेन्सिल काढली, चित्रावर न टेकवता नुसती फिरवली. "मी जल्मभर तीनच गोष्टी केल्या. धान्याच्या कोठ्या, नरसाळी आन् चुलीची धुराडी. ह्याच्यात तिन्ही हायेत." मग जरा थांबून म्हणाले, "करू की. मेहमूदमिस्त्रींचं हाय म्हंजी करायलाच पायजे."

वारा ओढायला ब्लोअर हवा होता. तो राहूला मिळाला. हौसराव आप्पांचं गुऱ्हाळ दोन वर्षांपासून बंद होतं आणि चुलाणाला वारा देणारा लोखंडी ब्लोअर मोटारीसकट तिथेच गंजत पडला होता. रुबी तिथे गेली तेव्हा आप्पांच्या पत्नी सोजराबाई ओसरीवर ज्वारी निवडत होत्या. नाव सांगताच त्यांनी तिला उठवून घराच्या दारापाशी नेलं. "तुझ्या बापानं केलंय. वीस वर्षं झाली. पावसाळ्यात सुदिक फुगत न्हाई, बघ, लोटून बघ." रुबीने दार लोटलं. ते आवाज न करता गेलं आणि आवाज न करता परत आलं. अब्बांच्या हातचं दार तिने असं कधी हाताळलंच नव्हतं. तिला माहीत होता तो फक्त त्याचा भुसा. आप्पा म्हणाले, "ने तो ब्लोअर. चिमण्या घरटी बांधायला लागल्यात त्यात. मिस्त्री बरं झालं म्हंजी दोन पाट करून दे म्हणावं." आणि उसाच्या टेम्पोत घालून त्यांनी तो यवतला पोचवलाही.

पुढचे आठ-दहा दिवस रुबी दुसऱ्या पाळीला जायची आणि सकाळी शेडमध्ये असायची. अम्मी आधी कुरकुरली, मग स्वतःच झाडू घेऊन आली, आणि दोघींनी तोंडाला ओढण्या बांधून सगळा जुना भुसा एका कोपऱ्यात लोटला. अब्बा बाजेवरून हलले नाहीत. "वारा गाळायला निघालीय व्हय!" एवढंच एकदा अम्मीला म्हणाले. चेष्टा होती की नाही ते कळलं नाही. सावळाराममामांनी ते धूड टेम्पोतून आणून भिंतीला पट्ट्यांनी जखडलं. खाली भुसा पडायला झाकणाचं एक बॅरल ठेवलं. वरची नळी ब्लोअरला जोडून त्याचं तोंड पत्र्यातून बाहेर काढलं. वायरमनने कनेक्शन दिलं. शुक्रवारी सकाळी भारनियमन संपून वीज आली आणि रुबीने बटण दाबलं. ब्लोअर गुरगुरला, मग त्याचा सूर चढला. तिने पाइपचं तोंड भुशाच्या ढिगाला लावलं आणि ढीग गायब व्हायला लागला. पोटात भूक असल्यासारखा पाइप भुसा गिळत होता. ती हसली. मामा हसले. आणि तेवढ्यात पलीकडून शेजारच्या गिताबाईंचा आवाज आला, "अगं रुबे! माझ्या कुरडया! समद्या कुरडया गेल्या गं!"

तिने बटण बंद केलं. बॅरलचं झाकण काढलं. आत मूठभरही भुसा नव्हता. सगळा वरून बाहेर जाऊन बोळात, कुरडयांवर, अम्मीच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडला होता. मामांनी नरसाळ्याच्या पत्र्यावर टिचकी मारली. "माझं काम बरोबर हाय. चुकत असंल तर वारा चुकत असंल," असं म्हणून ते हत्यारं गोळा करून गेले. रुबी ओंडक्यावर बसली. उद्या शनिवार, परवा सोहेब त्या फर्निचरवाल्याला घेऊन येणार. तिला इंदापूरचं स्वयंपाकघर आठवलं. तिथे तिने पहिल्या आठवड्यात भांड्यांची मांडणी बदलली होती आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं जुन्या जागी गेलेलं दिसलं होतं, एकही शब्द न बोलता. आपण काही मांडलं की ते असं परत जातं. हे तिच्या मनात इतकं स्पष्ट उमटलं की ती त्यावर विश्वास ठेवायच्या बेतात होती.

"चालू कर."

अब्बा दारात उभे होते. नाका-तोंडाला ओला रुमाल, वर त्या काळ्या भुवया.

"अब्बा, तुम्ही आत येऊ नका. धूळ हाय."

"कुठं हाय धूळ? समदी गिताबाईच्या कुरडयांवर गेली. चालू कर म्हनतो ना."

तिने बटण दाबलं. अब्बांनी डोळे मिटले आणि कान दिला. मशीनपाशी गाठ येण्याआधी ते असेच ऐकायचे, असं अम्मी सांगायची. रुबीने ते पहिल्यांदा पाहिलं. मग ते वाकले, हाताची मागची बाजू ओल्या रुमालावर टेकवून भिजवली आणि बॅरलच्या झाकणाभोवती हळूहळू फिरवली. एका जागी थांबले. रुबीचा हात धरून तिथे नेला. थंड वाऱ्याची एक बारीक शीर तिच्या हातावरून बॅरलच्या आत जात होती.

"कळलं? ब्लोअर ओढतोय, म्हंजी फट असंल तिथनं वारा आत घुसणार. खाली पडायला निघालेल्या भुशाला हा वारा उचलून पुन्हा वर नेतोय. सावळारामचं नरसाळं बरोबर हाय. सांधा चुकलाय." त्यांनी बॅरलवर थाप मारली. त्यांच्या आवाजात राग होता, आणि तो ऐकून रुबीला बरं वाटलं. "पत्र्यावर पत्रा ठेवला म्हंजी सांधा झाला व्हय? तीस वर्षं मी काय केलं? सांधेच केले ना?"

नरसाळं आणि बॅरल यांच्यामध्ये लाकडाचं एक गोल कडं बसवायचं, त्यात खाच पाडायची आणि खाचेत सायकलची ट्यूब दाबून बसवायची, असं अब्बांचं म्हणणं. ते उंबऱ्याबाहेर स्टूल टाकून बसले आणि रुबीने आत ते कडं हातानेच केलं, शुक्रवारची आणि शनिवारची सकाळ घालवून. शनिवारची पाळी तिने बदलून घेतली होती. "पटाशी ढकलू नको. तिला जाऊ दे. हां. रेष बघ, हात बघू नको." तिच्या अंगठ्याच्या मुळाशी फोड आला आणि फुटला. एकदा खाच खोल गेली, तिने घाबरून बाहेर पाहिलं, अब्बा म्हणाले, "ट्यूब झाकंल तिला. पुढं चल." चूक झाल्यावर पुढं चल असं तिला आजवर कुणी म्हटलं नव्हतं, निदान तिला आठवत तरी नव्हतं. पाइपांच्या जोडांतल्या फटींत लांबीची पुट्टी भरली. शनिवारी दुपारी कडं बसवलं, ट्यूब दबली, झाकण आवळलं, पाइपचं तोंड मशीनच्या पात्याखाली बांधलं.

या वेळी अब्बांनीच फळी घेतली. रुमाल घट्ट बांधून ते मशीनपाशी उभे राहिले. ब्लोअर चढला, पातं चढलं, आणि सागाची फळी पात्यात शिरली. तो एकसुरी आवाज तिला पोटापर्यंत गेला. पण ती बघत होती वर. पत्र्याला खिळ्याची भोकं होती आणि लहानपणी त्या भोकांतून शेडमध्ये उन्हाचे दांडे उतरायचे, इतके घट्ट की हाताने धरावेत. ते दांडे म्हणजे धूळच होती, हे तिला आता उमजलं. आज ऊन भोकातून येत होतं, जमिनीवर गोल कवडसाही पडला होता, पण मध्ये काही नव्हतं. ऊन दिसतच नव्हतं. फळी कापून झाली. बॅरलच्या तळाशी ताजा भुसा बसला होता, पिवळाजर्द, थोडा गरम. बोळात गिताबाई कंबरेवर हात ठेवून वर बघत उभ्या होत्या आणि वरून काहीही पडत नव्हतं. मग बाप-लेक बाहेर बाजेवर येऊन बसले आणि खोकल्याची वाट बघू लागले. बऱ्याच वेळाने तो आला, एकदाच, आणि गेला. अम्मीने दारातून विचारलं, "बास? एवढाच?" अब्बा म्हणाले, "एवढाच."

रविवारी सोहेब फर्निचरवाल्याला घेऊन आला. अब्बांनी दोघांना चहा दिला आणि रुबीकडे बोट केलं. "तिला इचारा." नाही हा शब्द तोंडातून काढायची तिला सवय नव्हती. "मशीन विकायचं न्हाई," ती म्हणाली. "चालू हाय ते." फर्निचरवाला शेडमध्ये डोकावला, त्या पत्र्याच्या धुडाकडे बघत राहिला, चित्र मिळंल का म्हणून विचारून स्टँडकडे निघून गेला. सोहेब मात्र पेटला.

"तुला काय माहीत गं? त्या दिवशी रिक्षात त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. ओठ निळे पडले होते. तू कंपनीत होतीस. हे नळकांडं लावून उद्या काय झालं तर?"

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. तो खरं बोलत होता. ती त्या रिक्षात नव्हती. इतके दिवस तिने त्याला मशीन विकणारा म्हणूनच पाहिलं होतं. तो घाबरलाय हे तिला दिसलंच नव्हतं. "मंगळवारी सुट्टी काढ," ती म्हणाली. "दौंडला जाऊ, तिघं. डॉक्टर नको म्हणाले तर मी माझ्या हातानं मशीन टेम्पोत चढवीन. खरं सांगते."

डॉक्टरांनी चिठ्ठीमागचं चित्र उलटसुलट करून पाहिलं, अब्बांना नळीत फुंकायला लावलं, बराच वेळ पाठीला स्टेथोस्कोप लावून ऐकलं. दिवसाला दीड-दोन तास, म्हणाले, त्याच्या वर नाही. नाकाला पट्टी बांधायची, औषध चुकवायचं नाही, बॅरल स्वतः रिकामं करायचं नाही, दर महिन्याला येऊन दाखवायचं. "बारीक धूळ शिल्लक राहतेच, हे विसरू नका. पण मिस्त्री, मागच्या वेळी तुम्ही माझ्याशी बोलत नव्हता. आज बोलताय." परतताना एसटीत सोहेब खिडकीबाहेर बघत होता. चौफुला मागे पडल्यावर म्हणाला, "त्या शेडचा पत्रा एका अंगाला उचकटलाय. पुढच्या सुट्टीला येऊन ठोकून देतो."

बुधवारी रुबीची पाळी दुपारची होती. सकाळी ती शेडमध्ये आली तेव्हा अब्बा रंधा मारायच्या बाकड्यापाशी उभे होते. हातात घडीची फूटपट्टी.

"कासुर्डीच्या शाळेच्या बाकांचं काम आलंय. बारा," ते म्हणाले. "दोन तासांत मी काय बारा बाक करतोय? इकडं ये. चपला काढ. सरळ उभी ऱ्हा. हात सोड खाली. अगं सैल सोड."

तिने हात सोडले. अब्बा तिच्या पायाशी बसले, जमिनीपासून तिच्या मनगटापर्यंत पट्टी उलगडली, अंगठ्याने जागा धरली. मग सरकत सरकत बाकड्याच्या चारही पायांवर पेन्सिलीने खुणा केल्या. बाभळीचे पाय, तीस वर्षांत काळे पडलेले. खुणा पायांच्या तळापासून चांगल्या चार बोटं वर होत्या.

"अब्बा, नको," रुबी म्हणाली. "तुम्हाला लई वाकावं लागंल."

"मी बसून करीन बारीक काम. उभं राहायचं तुला हाय."

बाकडं आडवं केलं. पहिला पाय त्यांनी हातकरवतीने कापला, न थांबता, आणि करवत तिच्या हातात दिली. दुसऱ्या पायाला ती तीनदा अडकली. तिसऱ्याला एकदा. चौथा कापून होईस्तोवर तिला घाम फुटला होता, आणि कापलेली चार लाकडी टोकं जमिनीवर पडली होती. अम्मीने ती चुलीला घेतली. दोघांनी मिळून बाकडं उभं केलं. अब्बांनी ते हलवून पाहिलं, एका पायाखाली लाकडाची पातळ ढलपी सरकवली, पुन्हा हलवलं. मग बाजूला झाले. रुबी पुढे आली आणि तिने दोन्ही तळवे फळीवर टेकवले. खांदे उचलावे लागले नाहीत, टाचाही उचलाव्या लागल्या नाहीत.

"आता रंधा घे," अब्बा म्हणाले.